पोतनीस मॅडमनी दिलेले चार मार्क

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही रावेरकडच्या एका गावात. लग्न होऊन उज्जैनला आल्यावर दुकानांच्या पाट्या, रेशनचे कागद, सगळं हिंदीत. त्यामुळे लिहायला बसले की दोन्ही भाषांची खिचडी होते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. अक्षर असं की माझी किराण्याची यादी दुकानदार मलाच वाचायला लावतो. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, तरी माफी मागते, कारण जिच्याबद्दल लिहायला बसले त्या पोतनीस मॅडमनी हे पान बघितलं असतं तर प्रत्येक चुकीखाली एक बारीक टिंब दिलं असतं. त्या फुली मारायच्या नाहीत. टिंब द्यायच्या आणि म्हणायच्या, "इथे परत बघ."

मॅडम आता उज्जैनमध्ये नाहीत. रिटायर झाल्या आणि त्या आणि त्यांची मोठी बहीण, दोघी इंदूरला भाच्याकडे गेल्या. त्या गेल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे. त्या बरोबर होत्या की चूक, ते मला अजून ठरवता येत नाही. लिहून काढलं तर कदाचित ठरेल, म्हणून लिहिते.

घाटापासून दहा मिनिटांवर आमची सरकारी शाळा आहे, पाचवीपर्यंतची. मी तिथे मुलांना दुपारचं जेवण वाढते. जेवण आम्ही रांधत नाही, गाडीतून डबे येतात. मी आणि आणखी एक बाई वाढायचं, भांडी धुवायची, व्हरांडा पुसायचा. पोतनीस मॅडम पाचवीच्या वर्गाला शिकवायच्या. पहिल्या दिवशी त्या ताट घेऊन मुलांच्या लाईनीत उभ्या राहिल्या तेव्हा मला वाटलं तपासायला आल्यात. मी घाबरून दाट दाट डाळ वाढली.

"अहो, खालून ढवळून वाढू नका," त्या हळूच मराठीत म्हणाल्या. "शेवटच्या पोराला मिळते ती मला वाढा. वरची पातळ."

मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं, मी विचारलं नाही. नंतर त्यांनीच सांगितलं की मी पातेल्याशी मराठीत बोलत होते. तेव्हापासून शाळेत कोणी जवळ नसलं की आम्ही मराठीत बोलायचो. कोणी आलं की हिंदी. त्यांची हिंदी अगदी इथली होती आणि मराठीत सुद्धा मधूनच "अच्छा, तो फिर" यायचं. त्यांचे पूर्वज म्हणे दरबारात खजिना सांभाळायचे. हे सांगून त्या स्वतःच हसायच्या, कारण त्यांना दोन भाज्यांचे पैसे तोंडी जमत नव्हते. गणित शिकवायच्या, पण बेरीज करताना बोटांच्या पेरांवर मोजायच्या. फळ्यासमोर, सगळ्या वर्गासमोर. एकदा त्यांना एका मुलाने विचारलं, "मैडम, आप भी उँगली पे गिनती हो?" तर म्हणाल्या, "हाँ, और कम पड़े तो तेरी भी ले लूँगी." तेव्हापासून त्या वर्गात बोटांवर मोजायची कोणाला लाज वाटली नाही.

उंचीला लहान, साडी कायम पिनेने टाचलेली, खडू चष्म्याच्या डबीत. चष्मा उघडा पर्समध्ये आणि डबीत खडू का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "चष्मा हरवला तर मला कोणी तरी वाचून दाखवेल. खडू हरवला तर मागवायला अर्ज लिहावा लागतो." स्कूटर चालवायच्या, पण मागे घेता यायची नाही. सुटी झाली की चार पोरी मिळून ती वळवून द्यायच्या. जेवणात कशावरही शेव घालायच्या, खिचडीवर, दहीभातावर, आणि पुडी पर्समध्येच असायची. "कळलं का?" असं मी त्यांना मुलांना विचारताना कधी ऐकलं नाही. त्या विचारायच्या, "क्या नहीं समझा, वो बता." मुलं त्यावर खरंच सांगायची. बाजूच्या वर्गांतून "समझ गए?" "हाँ सर" असा आवाज दिवसभर यायचा, आणि या वर्गातून सगळं न समजल्याचंच ऐकू यायचं. मला वाटायचं, या मॅडमना शिकवता येत नसेल.

आता परीक्षांचं सांगते, कारण गोष्ट तिथेच आहे.

वर्षातून दोन-तीनदा वरून पेपर यायचे. मुलांना किती येतं ते बघायला. कधी लिहायचा पेपर, तर कधी एकेका मुलाला उतारा वाचायला द्यायचा आणि कागदावर खूण करायची: हा अक्षर वाचतो, हा शब्द, हा वाक्य, हा पूर्ण गोष्ट. मग शाळांची यादी निघायची. कोणती शाळा वर, कोणती खाली. खालच्या शाळेच्या हेडमास्तरांना मीटिंगमध्ये उभं करायचे, असं आमचे तिवारी सर सांगायचे. तिवारी सर वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त उभं राहायचं नव्हतं.

वाचनाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला वर्गात बोलावलं. मी ओल्या हातांनीच गेले. त्या मुलांना म्हणाल्या, "कल तुम्हारी बारी है, आज शालूबाई की." आणि माझ्या हातात उतारा दिला. चाळीस डोळे माझ्याकडे. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण नाही म्हणायला सुद्धा आवाज लागतो. वाचायला लागले. एका म्हातारीची आणि बकरीची गोष्ट होती. दोन वाक्यं गेली, तिसऱ्यात 'प्रतीक्षा' आला आणि मी तिथेच अडकले. पुढचं सगळं एकात एक झालं. एक पोरगी खुसकन हसली. मॅडम तिच्याकडे बघून म्हणाल्या, "हँस ले. कल तेरी बारी है, मैं यहीं बैठी हूँ."

मग त्यांनी कागदावर माझं नाव लिहिलं आणि 'वाक्य' या रकान्यात खूण केली. 'गोष्ट' मध्ये नाही.

मला फार लागलं. तो कागद कुठे जाणार नव्हता. माझ्यासाठी खोटी खूण केली असती तर कोणाचं काय बिघडणार होतं? बाहेर येऊन मी सरळ भांड्यांकडे गेले. त्या मागे आल्या आणि एक वही दिली, शंभर पानी. म्हणाल्या, "रोज पाच ओळी. काहीही लिहा, डाळीबद्दल लिहा. वाक्यापासून गोष्टीपर्यंत फार लांब नसतं हो, शालूबाई." मी घरी जाऊन रडले आणि मग पाच ओळी लिहिल्या. मॅडमवर रागच लिहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी रागाखाली सुद्धा टिंबं दिली.

लिहायच्या पेपरच्या दिवशीचं तर मी व्हरांड्यातून डोळ्यांनी बघितलं. बाजूच्या वर्गात फळ्यावर उत्तरं होती. एक, ब. दोन, ड. असं सरळ. मुलं मान वर करायची, खाली घालायची. पोतनीस मॅडमच्या फळ्यावर फक्त तारीख. तिवारी सर दारात आले.

"मैडम, बच्चों की थोड़ी मदद कर दीजिए."

"कर रही हूँ सर. चुप बैठी हूँ."

"अरे, ऊपर लिस्ट बनती है."

"तो सर, लिस्ट में सबसे नीचे भी तो किसी को रहना पड़ेगा. हम रह लेते हैं."

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "इनको समझाओ," जसं काही मी समजावू शकणार होते. पेपर गोळा झाल्यावर मॅडमनी गठ्ठा बांधला, वर सुतळी मारली, आणि मग फळ्यावर सगळी उत्तरं लिहिली. पुढच्या बाकावरचा पोरगा डोक्याला हात लावून ओरडला, "मैडम, दस मिनट पहले लिख देतीं तो आपका क्या जाता!" सगळा वर्ग हसला. मॅडम सगळ्यांत जास्त हसल्या. मग म्हणाल्या, "अब बताओ, किसका क्या नहीं बना." आणि खरंच तासभर एकेकाचं काय चुकलं ते बघत बसल्या. जेवण गार झालं. मी परत परत डोकावत राहिले.

यादीत आमची शाळा खाली आली. जनशिक्षक, म्हणजे दहा-बारा शाळांवर फिरणारे एक साहेब असतात, ते आले आणि रजिस्टर बघून म्हणाले, "पोतनीस मैडम का क्लास सबसे कमज़ोर है." मी तिथे भांडी नेत होते. मला वाटलं होतं की कमजोर म्हणजे ज्यांना येत नाही ते. पण मी बाजूच्या वर्गातल्या मुलांना ओळखत होते. त्यांना वाढताना "किती पोळ्या झाल्या?" विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही. मग कमजोर कोण, हे मला कळेना. साहेबांना विचारायची हिंमत नव्हती, आणि विचारलं असतं तरी उत्तर आलं नसतं.

माझी मुलगी रेणू त्यांच्या हाताखाली पाचवीत आली ते वर्ष पाचवीच्या बोर्डाचं. म्हणजे पेपर वरून, तपासणी दुसऱ्या शाळेत, आणि नापास झालं तर सहावी नाही. आमच्या घरी त्याच वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मी शाळेत, रेणूचे पप्पा भैरवगढला कापड छापायच्या कारखान्यात. ते म्हणाले, "पास झाली तर पुढे जाऊ दे. फेल झाली तर मग घरीच राहू दे, आईकडे कोणी तरी पाहिजे." ते चिडून नाही म्हणाले, हिशोब सांगावा तसं म्हणाले. त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

शंभरातले वीस मार्क शाळेच्या हातात असायचे, प्रोजेक्टचे. हे वीस सगळीकडे पूर्णच देतात. इथे फ्रीगंज भागातल्या दुकानांत तयार प्रोजेक्ट मिळतात, थर्माकोलचं घर, थर्माकोलचा ज्वालामुखी. पैसे द्या, मुलाचं नाव चिकटवा. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "थर्माकोल लाया तो दुकानदार को नंबर दूँगी, तुझे नहीं." आणि गणिताचा प्रोजेक्ट असा दिला: राम घाटावर एक जागा ठरवायची, सात दिवस रोज संध्याकाळी तिथे जाऊन वरपासून पाण्यापर्यंत पायऱ्या मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. बस.

पहिल्या दिवशी रेणू गेली. एकोणीस मोजून आली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना ताप, घरात कोणी नाही. रेणू दारात चप्पल घालून उभी, "मम्मी, जाऊन येऊ का?" मी म्हटलं, "पायऱ्या काय उठून कुठे जाणार आहेत? दगडाच्या आहेत. कालचाच आकडा टाक."

तिने टाकला. एकोणीस. तिसऱ्या दिवशी एकोणीस. सातही दिवस एकोणीस, खाली सुंदर रेघ मारून.

मी नदीकाठच्या गावात वीस वर्षं राहते, आणि मला हे सुचलं नाही. त्या आठवड्यात शनिवारी अमावस्या होती. मोठं स्नान. आणि मोठं स्नान असलं की आधी दोन-तीन दिवस नदीत पाणी सोडतात, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. पायऱ्या जागच्या जागी होत्या, पण पाणी वर आलं होतं.

वही तपासली त्या दिवशी मी व्हरांड्यात ताटं मांडत होते. आतून सगळं ऐकू येत होतं.

"रेणू, अमावस के दिन घाट पे गई थी?"

"गई थी मैडम."

"कितनी सीढ़ी?"

"उन्नीस."

"उन्नीसवीं पे पैर रखा था?"

"हाँ मैडम."

"तो बेटा, तू तो पानी में खड़ी थी. सलवार भीगी?"

कोणी तरी म्हणालं, "मैडम, ये तो तैर के गिन रही थी!" आणि वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "किसने कहा ऐसा लिखने को?" रेणू म्हणाली, "किसी ने नहीं. मैंने ही लिखा."

मी बाहेर हातात ताट घेऊन उभी होते. आत जायला चार पावलं. मी गेले नाही. आत जाऊन म्हणायचं होतं की मी सांगितलं, मी. पण माझा आवाज कधी वेळेवर निघत नाही, त्या दिवशीही निघाला नाही. रेणू त्या दिवशी जेवली नाही.

मॅडमनी चार मार्क दिले. पहिला दिवस खरा होता त्याचे तीन, आणि रेघा नीट मारल्या त्याचा एक. दुसऱ्या पोरांना सतरा, अठरा, एकीला वीस. दोघांना रेणूसारखेच कमी. तिवारी सर म्हणाले, "मैडम, बोर्ड है, लिख दीजिए बीस-बीस, किसे पता चलता है." मॅडम म्हणाल्या, "नदी को पता है सर." सर कपाळावर हात मारून गेले.

रिझल्ट लागला. रेणू गणितात दोन मार्कांनी नापास. आमच्या वर्गातली आणखीही मुलं नापास. बाजूच्या शाळा वर, आम्ही तळाला.

दोन मार्क! प्रोजेक्टला चारच्या जागी सहा दिले असते तरी झालं असतं. मी दोन दिवस काही खाल्लं नाही. रेणूच्या पप्पांनी सासूबाईंच्या खाटेजवळ रेणूसाठी एक चटई आणून ठेवली.

मग एका मुलाचे वडील कागद घेऊन घरोघरी आले. हिंदीत टाइप केलेला. त्यात लिहिलं होतं की पोतनीस मॅडमनी जाणूनबुजून मुलांचे मार्क कमी दिले, त्यांची चौकशी व्हावी. ते म्हणाले, "सब पालक साइन कर दो बहन, ऊपर से नंबर बढ़ जाएँगे." मी कागद पूर्ण वाचला. अडकले नाही. वाचता येत होतं, कारण मॅडमच्या वहीत वर्षभर रोज पाच ओळी लिहिल्या होत्या. आणि वाचून मी सही केली. माझ्या आधी दोन सह्या होत्या.

मी हे कोणाला सांगितलेलं नाही. रेणूसाठी केली, असं मी स्वतःला सांगते. पण त्या वेळी मला राग पण होता, बकरीच्या गोष्टीचा सुद्धा.

मार्क वाढले नाहीत. कम्प्युटरमध्ये भरायची मुदत संपली होती, आता वरून सुद्धा बदलता येणार नाही म्हणे. फक्त मॅडमवर कागद आला. खराब निकाल आणि पालकांची तक्रार म्हणून त्यांची पगारवाढ रोखली. दर महिन्याला तेवढे पैसे कमी.

नापास मुलांची परत परीक्षा जूनमध्ये होती. सुटी लागल्यावर एक दिवस एक पोरगी निरोप घेऊन आली, पोतनीस मॅडमनी रेणूला फ्रीगंजला घरी बोलावलंय, रोज सकाळी. मला जायची लाज वाटली, पण चटई बघितली आणि गेले. मॅडमनीच दार उघडलं. "आलीस? आधी पाणी पी," रेणूला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "शालूबाई, सही छान आली हो तुमची. अक्षर सुटं झालंय आता."

मी तशीच उभी राहिले. त्या टोमणा मारत होत्या की खरंच म्हणत होत्या? मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. काही कळलं नाही. आजपर्यंत कळलेलं नाही. त्या टोमणे मारणाऱ्या नव्हत्या. पण खरंच म्हणायचं असेल तर, स्वतःविरुद्धच्या कागदावर कोणी अक्षर बघतं का?

त्यांची मोठी बहीण आतून म्हणाली, "हिला उन्हात उभी काय करतेस? आत घे. तक्रार करणाऱ्यांना पण ऊन लागतं." यावर दोघी बहिणी हसल्या. मी पण हसले, आणि डोळ्यांत पाणी आलं ते पदराने पुसून टाकलं.

मे महिनाभर आम्ही गेलो. मी कोपऱ्यात बसायचे, मॅडमच्या ताईंना कैऱ्या चिरू लागायचे. मॅडम रेणूला पुस्तक कमीच द्यायच्या. किती तांब्यांनी बादली भरते ते मोज, मग अर्ध्या बादलीला किती, पाऊण बादलीला किती. फरशी ओली, साड्या ओल्या. ताई ओरडायच्या, "तुमचं गणित माझ्या स्वयंपाकघरात आलं!" रेणू मोजता मोजता हसायला लागली. एकदा तिने आकडा सांगितला आणि मॅडम म्हणाल्या, "पक्का?" तर म्हणाली, "रुको मैडम, एक बार और भरके देखती हूँ." मॅडमनी तेव्हा बहिणीकडे बघून फक्त मान हलवली.

पैशांबद्दल मी एकदाच विचारलं, शिकवणीचं काय द्यायचं. त्या म्हणाल्या, "ती नापास माझ्या वर्गात झाली ना? मग माझंच काम अर्धं राहिलंय."

रेणू जूनमध्ये पास झाली. ओढूनताणून नाही, चांगली. प्रोजेक्टचे चार तसेच होते, त्या चारांसकट. तिचे पप्पा त्या दिवशी जिलबी आणि शेव घेऊन आले आणि चटई गुंडाळून माळ्यावर टाकली. सासूबाईंकडे बघायला शेजारच्या काकूंना सांगितलं. असं जमणार होतं तर आधी का नाही, हे मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी तिवारी सरांनी मॅडमना पहिलीचा वर्ग दिला आणि पाचवी दुसऱ्या सरांना. त्या वर्षी सगळ्यांना प्रोजेक्टचे वीस मिळाले, शाळेचा निकाल पूर्ण लागला आणि गेटवर मोठा फलक लागला. त्याच्याखाली मॅडम रोज स्कूटर लावायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "मॅडम, हे बघवतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "सावली बरी पडते हो."

त्यांच्या पहिलीतल्या पोरांना मी वाढायचे. दिवाळीपर्यंत ती पोरं व्हरांड्यात लिहिलेला मेनू एकमेकांना वाचून दाखवायला लागली. पहिलीला बोर्ड नसतं. यादी पण नसते. त्यामुळे हे कोणाला कळलं नाही.

रोखलेल्या पैशांसाठी मॅडमनी अर्ज केला होता. मुलांच्या वह्या, घाटाच्या पायऱ्यांचे आकडे, सगळं जोडून. उत्तर नाही. परत अर्ज. दोन वर्षं गेली. रिटायर व्हायला थोडे दिवस राहिले तेव्हा एका दुपारी त्या बँकेतून सरळ शाळेत आल्या, हेल्मेट डोक्यावर तसंच. मुलं जेवून गेली होती. त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या.

"शालूबाई, आदेश निरस्त झाला."

"म्हणजे?"

"रद्द. पैसे परत."

"का रद्द केला?"

"ते नाही लिहिलं." त्यांनी कागद उलटा करून बघितला, मागे काही असेल तसं. "रोखले तेव्हाचं कारण मला पटलं नव्हतं, पण होतं तरी. आता तर काहीच नाही. मी बरोबर होते म्हणून दिले, की रिटायर होते म्हणून फाईल बंद केली, कोण सांगणार?"

मग मला काय झालं माहीत नाही. हातात घासायचं पातेलं होतं, ते खाली ठेवलं आणि बोलले. "मॅडम, तो एकोणीसचा आकडा मी लिहायला सांगितला होता. रेणूने नाही. मी म्हटलं होतं, पायऱ्या कुठे जातात."

त्यांनी हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते.

"तिने कधी सांगितलं नाही मला."

"नाही. मला पण नाही विचारलं तिने."

"मग ते चार मार्क तुम्हालाच मिळाले म्हणायचे," असं म्हणून त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता थांबल्या. "शालूबाई, खरं सांगा. मी सहा द्यायला हवे होते का? सगळे वीस देत होते. पोरगी घरी बसली असती तर? तुमच्याकडे चटई आणली होती, मला रेणूने सांगितलं होतं. ते ऐकलं त्या रात्रीपासून मी विचार करतेय. मला अजून येत नाही हे."

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांना पक्कं माहीत असेल. त्यांना एवढं पक्कं असतं म्हणूनच मला राग यायचा. आता त्या मलाच विचारत होत्या, चौथी शिकलेल्या बाईला, आणि थट्टा करत नव्हत्या.

मी म्हटलं, "मला नाही समजलं, मॅडम."

"मला पण," त्या म्हणाल्या. मग उठल्या, साडी झटकली आणि गेटपर्यंत गेल्या. तिथे थांबल्या आणि उन्हातून परत आल्या. मला वाटलं, आता काही तरी सुचलं असेल त्यांना.

"रेणूला आठवणीने सांगा, पैसे आले. ती दर महिन्याला विचारायला यायची मला."

"रेणू? काय विचारायची?"

"'मैडम, वो मेरे वाले पैसे वापस आए क्या?' तिला वाटायचं, तिच्यामुळे कापले." त्यांनी पासबुक उघडून माझ्यासमोर धरलं. "बघून घ्या. ती विचारेल, पूर्ण आले का."

त्या गेल्या. त्यानंतर त्या निरोपाच्या कार्यक्रमात दिसल्या, पण तिथे हार, भाषणं, खुर्च्या, बोलता आलं नाही. माझ्यासाठी त्या त्याच दुपारी गेल्या.

घरी आले तर रेणू दप्तर आवरत होती. आता सातवीत आहे. मी म्हटलं, "पोतनीस मॅडमचे पैसे आले." ती थांबली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

"पूरे?"

"पूर्ण. मी पासबुक बघितलं. एकही महिना सुटला नाही."